घाटाखालची दोन मिनिटे

लोक येतात, ओसरीवर बसतात आणि तू किती सोशिक होतीस ते मला सांगतात. मी ऐकून घेतो. चाळीस वर्षांच्या संसारात माझे एकही म्हणणे तू वाद घातल्यावाचून मान्य केले नाहीस, हे मी त्यांना सांगत नाही. आलेल्या माणसाला चहा द्यावा लागतो. तो आपला मुलगा मारुती करतो आणि साखर जास्त घालतो. तू असतीस तर त्याला बोलली असतीस, आणि मग मी त्याला बोललो नाही म्हणून मला.

तुझे माहेर, तुझे वय, सांगलीच्या डॉक्टरांनी शेवटी काय सांगितले, हे येथे लिहिणार नाही. ज्यांना ते ठाऊक असायला हवे त्यांना ठाऊक आहे. मला लिहायचे आहे ते आपल्या एका वादाविषयी. तो अर्धाच राहिला. दोन माणसांनी एका खोलीत दार लावून बसावे, आणि त्यांतल्या एकाने बाहेरून कडी घालून निघून जावे, तसे झाले आहे. तू बाहेर आहेस. मी आत आहे.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मारुतीला पलटणीत भरती होऊन दीड वर्ष झाले होते आणि एवढ्या काळात त्याला एकदाही घरी सोडले नव्हते. छावणीतल्या कर्नलला खेळांचे वेड होते. भरतीला जोर यावा म्हणून त्याने आपल्या भागात सव्वीस मैलांची शर्यत ठरवली. विट्याच्या पलीकडे खानापूरच्या रस्त्यावर सुरुवात आणि सुर्लीचा घाट उतरून कऱ्हाड स्टेशनच्या मैदानावर शेवट. गावोगावच्या लोकांनी आपली पोरे पलटणीच्या बनियनात धावताना पाहावीत आणि आणखी पोरे द्यावीत, हा हेतू. शर्यतीला एक अट होती. जे तीन तासांच्या आत पोचतील ते कवायत-शिक्षक म्हणून छावणीतच राहतील. बाकीचे पुढच्या तुकडीबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जातील.

हे मी तुला जेवताना सांगितले. तू चुलीपुढे होतीस.

“म्हंजी तीन तासात आला तर त्येला न्हाई न्यायचं?”

“नाही.”

“आन् उशीर झाला तर?”

“मग ब्रह्मदेश.”

तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि ती फुगेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिलीस. पुढे इतक्या वेळा आपण भांडलो, पण ‘मला कुठं ठावं व्हतं’ असे तू एकदाही म्हणाली नाहीस. ते म्हणणे सर्वांत सोपे होते. ते तू म्हटले नाहीस, याबद्दल मला तुझ्याविषयी नेहमी आदर वाटला. तसे तुला सांगण्याचा प्रसंग आला नाही.

मी तीस वर्षे रेल्वेत गार्ड होतो. त्या कामापुरता मला माणूस आणि गाडी यांत फरक दिसला नाही. उशिरा सुटलेली गाडी नवखा ड्रायव्हर पहिल्या चढावरच पिटाळतो, वाफ संपवतो आणि मग सपाटीवर रखडतो. मारुतीचे तेच होत होते. छावणीतल्या सरावात तो पहिले दहा मैल सर्वांच्या पुढे असे आणि शेवटचे दोन चालत येई. मी दोनदा छावणीत जाऊन आलो. त्याच्या बरोबर मैदानाच्या कडेने फिरलो आणि त्याला वेळापत्रक समजावले. सपाटीवर मैलाला सात मिनिटे. त्याहून जलद नाही. कोणी पुढे गेला तर जाऊ द्यायचा. घाटात उतार मिळेल तेवढा घ्यायचा, पण पाय मोकळे सोडायचे नाहीत, कारण मांड्या उतारावरच फुटतात. घाटाखाली आपल्या वस्तीपासून सहा मैल उरतात. सात मिनिटांच्या चालीने तीन तासांवर जो थोडा वेळ जातो तो त्या सहा मैलांत भरून काढायचा, आणि त्यासाठी आधीचे वीस मैल हात राखून धावायचे.

मी सायकलवर मागे असणार होतो. मैलाच्या प्रत्येक दगडापाशी घंटी वाजवायची. एक घंटी म्हणजे वेळेवर, दोन म्हणजे लवकर आलास, आवर, आणि तीन म्हणजे उशीर. कडेपूरला माझा एक जुना सोबती लिंबू-मिठाचे पाणी घेऊन उभा राहणार होता आणि घाटमाथ्यावर आणखी एक जण. धावता धावता पेला घ्यायचा, दोन घोट प्यायचे आणि पेला टाकून द्यायचा. हे सर्व मी तुला समजावले, आणि तुला त्यातले नेमके एकच दिसले.

“समद्यास्नी थांबा दिलासा, आन् आपल्याच दाराला न्हाई व्हय?”

“तेथे थांबा दिला तर गाडी सुटणार नाही.”

“आवं, पोरगं हाय त्ये. मालगाडी न्हाई.”

“मालगाडीला आई नसते, म्हणून ती वेळेवर जाते.”

तू हसलीस. मग हसू आवरून म्हणालीस, “दीड वरीस झालं त्येचं त्वांड बगून. दारावरनं जाणार, आन् म्या काय करायचं? गुराख्याची पोरं गाडी बगत्यात तसं बगत ऱ्हायाचं?”

“कडेला उभी राहा. पाहा. हाक मारू नको.”

“बरं,” तू म्हणालीस.

तुझ्या ‘बरं’चा अर्थ मला शेवटपर्यंत लागला नाही. तो होकार नसे आणि नकारही नसे. आता या विषयावर तुमच्याशी बोलणे संपले, एवढाच त्याचा अर्थ असावा.

शर्यतीच्या सकाळी तू वस्तीवर होतीस, म्हणून वरच्या अंगाला काय झाले ते तू पाहिले नाहीस. मी सांगू लागलो की तू उठून जायचीस. आता ऐकून घे.

थंडी होती. चाळीसेक जण सुटले आणि पहिल्या मैलातच मारुतीच्या पुढे पंधरा-वीस माणसे गेली. त्यांत पलूसचा एक उंच मुलगा होता. तो हरणासारखा पळत होता. मारुतीला ते सोसेना. पायात बळ होते, रस्ता समोर मोकळा होता आणि बाप मागून दोन घंट्या वाजवत होता.

“आबा, त्यो पलूसचा गेला की.”

“जाऊ दे.”

“लय म्होरं गेला.”

“बोलू नको. बोलायला वाफ लागते.”

“मला वाफ हाय, आबा. तुमीच झाकण लावून ठिवलंय.”

झाकण मी लावलेच होते. गावे लागली की दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती उभ्या राहत. हलगी वाजे. लोक ओरडत, “पळ रं, पळ की, काय वरातीत निघालायस व्हय?” त्या भिंतींच्या मधून, मागच्या घंटीच्या धाकात, आपल्या बळापेक्षा कमी वेगाने त्याला धावत राहावे लागत होते. त्याची मान ताठरली होती. खुंट्याला बांधलेले जनावर दाव्याच्या टोकापर्यंत जाऊन थबकते, तसा तो दर मैलाला एकदा पुढे झेपावे आणि घंटी ऐकून पुन्हा चालीवर येई. मला त्याचे वाईट वाटत नव्हते, असे नाही. पण घंटी वाजवणे माझे काम होते.

कडेपूरच्या पुढे वेळापत्रक आपल्या बाजूने बोलू लागले. पुढे गेलेले एकेक जण परत मिळू लागले. कोणी कंबर धरून चालत होता, कोणी रस्त्याच्या कडेला ओकत होता. मारुती त्यांच्याकडे न पाहता त्यांना मागे टाकत गेला. घाटमाथ्यावर त्याने पेला घेतला, दोन घोट प्यायला, पेला टाकला. मी घड्याळ पाहिले आणि एक घंटी वाजवली. त्याने मागे न वळता हात वर केला. माझ्या आयुष्यात ठरवल्याप्रमाणे घडलेल्या गोष्टी थोड्या आहेत. त्यांतली ही एक होती, घाटाच्या शेवटच्या वळणापर्यंत.

त्या वळणाच्या वर माझ्या सायकलची साखळी उतरली. ती चढवून, काळ्या हातांनी मी वळण घेतले तेव्हा आपल्या वस्तीसमोर मला रस्ता दिसला नाही. लुगडी दिसली.

लांबून घरी आलेल्या माणसाच्या पायांवर पाणी घालावे, भाकरीचा तुकडा त्याच्यावरून ओवाळून टाकावा आणि मगच त्याला उंबरा ओलांडू द्यावा, ही आपल्याकडची रीत. ती उंबऱ्यासाठी आहे. वीस मैल धावून आलेल्या आणि सहा मैल धावायचे असलेल्या माणसासाठी ती कोणी घातलेली नाही. पण मारुती मधोमध उभा होता, त्याची छाती भात्यासारखी हलत होती आणि तू तांब्याने त्याच्या पायांवर, म्हणजे त्याच्या कॅनव्हासच्या बुटांवर, पाणी ओतत होतीस. तेवढ्यावर संपते तर अर्ध्या मिनिटाचे काम होते. परंतु तू घातलेस म्हणून थोरल्या जाऊबाईंनी घातले. जाऊबाईंनी घातले म्हणून शेजारच्या तात्यांच्या सुनेने घातले. तिच्या मागे आणखी दोघी तांबे घेऊन उभ्या होत्या. एकीचे पाणी घ्यावे आणि दुसरीचे नाकारावे, हे आपल्याकडे कोणाला जमत नाही, मारुतीला तर नाहीच. मी कोंडाळ्याबाहेर उभा राहून तीन घंट्या वाजवत होतो. पुन्हा तीन. पुन्हा तीन.

तात्या म्हणाले, “गार्डसायेब, घंटी कशापायी वाजवतासा? बायका हायेत त्या, म्हशी न्हाईत.”

लोक हसले. तू त्याच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटे मोडलीस आणि विचारलेस, “जेवलास का रं?”

तोही हसला. मग कोंडाळे फुटले आणि तो निघाला. दोन मिनिटे गेली होती.

शेवटच्या सहा मैलांविषयी मी तुला कधी फारसे सांगितले नाही. त्याच्या बुटांतून प्रत्येक पावलाला पचपच आवाज येत होता. तो आवाज मी सहा मैल ऐकला. त्याने वेग वाढवला, ठरला होता त्याहून जास्त वाढवला. मी आता त्याला आवरत नव्हतो, कारण आवरण्याजोगे काही उरले नव्हते. दोन मैल तो सुंदर धावला. मग ओल्या कापडाने टाचा सोलल्या आणि तो टाचा उचलून चवड्यांवर धावू लागला. बुटांच्या मागच्या बाजूला तांबूस डाग दिसू लागले. दोन्ही बाजूंना ऊस उंच होता. त्या रस्त्याला तेथे फाटाही नाही आणि मोकळे रानही नाही. उसाच्या दोन भिंतींमधून तो जात राहिला. मी घंटी वाजवणे थांबवले. त्याने एकदाच विचारले, “आबा, किती?” मी म्हणालो, “धाव.”

मैदानावर सुभेदार टेबलावर घड्याळ ठेवून बसले होते. तीन तासांवर दीड मिनिट. लोकांनी मारुतीला खांद्यावर घेतले, कारण त्यांना वेळेशी कर्तव्य नव्हते. तीन तासांच्या आत तिघे आले. पलूसचा तो उंच मुलगा त्यांत होता. त्याला चालीबिलीची गरज पडली नव्हती. सर्वांना तेथूनच लॉरीत बसवले. मारुतीला घरी येऊ दिले नाही.

मी वस्तीवर परतलो. तू दारात होतीस.

“दीड मिनिट,” मी म्हणालो.

“दीड मिनिटाला येवढं काय? सायबानं जरा इकडंतिकडं केलं न्हाई?”

“घड्याळ साहेबाचे नसते.”

तू गोठ्यात गेलीस ती दिवेलागणीपर्यंत बाहेर आली नाहीस. मी तुला हाक मारली नाही.

त्यानंतरच्या दोन वर्षांत आपण या घरात कोंडल्यासारखे राहिलो. कोठे लग्नकार्य असले तरी पत्र येईल म्हणून एकाने घरी थांबायचे असे ठरे. आणि एक थांबला की दुसराही थांबे, कारण आलेली बातमी वाईट असली तर ती दुसऱ्याला एकट्याने घ्यावी लागू नये, असे दोघांनाही वाटे. हे आपण कधी एकमेकांना सांगितले नाही. माझी बाहेरची धोतरे तू घड्या घालून ट्रंकेत ठेवत होतीस आणि ती ट्रंक कोणी उघडत नव्हते. टपालवाला आपल्या वस्तीकडे न वळता पुढे गेला की तू म्हणायचीस, “गेला मेला,” आणि मी पुन्हा वर्तमानपत्र उघडे.

बोललो ते त्या दोन मिनिटांविषयीच. मी म्हणे, पाणी घातले नसते तर टाचा सोलल्या नसत्या. तू म्हणायचीस, “पानी घातलं म्हनून पाय गार झालं त्येचं. न्हाईतर त्यो तितंच बसला असता.” मी म्हणे, बायका गोळा झाल्या नसत्या तर निदान मिनिट वाचले असते. तू म्हणायचीस, “मग बायकांस्नी काय इस्तव लावायचा व्हता?” मी म्हणे, तुला सांगितले होते, कडेला उभी राहा. यावर तू तांदूळ निवडायला घ्यायचीस. माझा हा मुद्दा बिनतोड आहे असे मला वाटे. प्रत्येक भांडण मी मुद्दाम तेथपर्यंत आणीत असे आणि प्रत्येक भांडण तेथे संपे.

मारुती परत आला. डाव्या गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घेऊन आला, पण आला. तालुक्यातून त्या तुकडीत गेलेल्यांपैकी कित्येक आले नाहीत. तू त्याच्या पायांवर पाणी घातलेस, या वेळी उंबऱ्यावर. दुसऱ्या दिवशी तो झोपलेला असताना तू माझ्यासमोर येऊन बसलीस.

“आला न्हवं?”

“आला.”

“पायावर पानी घातलंतं म्हनून आला.”

“घातले नसते तर गेलाच नसता. गुडघा शाबूत असता.”

“आन् त्यो पलूसचा? त्यो तर तीन तासात पोचलावता. छावनीतच ऱ्हायला. काय झालं त्येचं?”

पलूसचा मुलगा छावणीत वर्षाच्या आत विषमज्वराने गेला होता. हे तुला कोणाकडून कळले ते ठाऊक नाही. मला ते आधीच कळले होते आणि मी तुला सांगितले नव्हते.

“तो योगायोग,” मी म्हणालो.

“व्हय. आन् तुमचं दीड मिनिट?”

त्या क्षणी मला उमगले की या वादातून बाहेर पडायला वाट नाही. तुझे खरे धरावे तर जगात वेळापत्रकाला अर्थ राहत नाही. माझे खरे धरावे तर तू आपल्या हाताने आपल्या मुलाला तोफांपुढे पाठवलेस असे होते, आणि तो तर आत निजला होता, घोरत होता. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याचे म्हणणे मान्य करणे परवडणारे नव्हते. तरीही आपण दर आठ-पंधरा दिवसांनी तो वाद काढत राहिलो. मारुती गुडघा ओढत बाहेर निघून जाई. त्याला त्याचा त्रास होतो असे मी समजत असे.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवली पाहिजे. ज्यांचे मुलगे परतले नाहीत त्यांच्या घरी मी गेलो आहे. तेथे नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत. आपण त्या दोन वर्षांतही बोलत होतो. रागाने का होईना, रोज बोलत होतो. ते तुझ्यामुळे. मी एकटा असतो तर गप्प बसलो असतो आणि मग मला गप्प बसण्याचीच सवय झाली असती.

गेल्या वर्षी तुझे उजवे अंग गेले आणि वाचा गेली. बाजेवरून तुला उठता येईना, आणि तुला सोडून मला कोठे जाता येईना. खिडकीतून तुला रस्ता दिसे, म्हणून बाज तिकडे सरकवली. तुझे खाणेपिणे, अंग पुसणे मी शिकलो. मी भात फार मऊ करतो असे तुझ्या चेहऱ्यावरून दिसे. मारुती म्हणाला, आत्याला बोलावून घेऊ. तू डोळे मिटून मान वळवलीस, म्हणून बोलावले नाही.

एका दुपारी तू फारच निर्जीव दिसलीस. मला दुसरे काही सुचले नाही. मी म्हणालो, “पाणी घातले नसते तर टाचा सोलल्या नसत्या.” तुझे डोळे लगेच जागे झाले. तू डावा हात उचललास, हवेत तीनदा गोल फिरवलास आणि नसलेला भाकरीचा तुकडा खिडकीबाहेर टाकलास. अर्धे तोंड हसले. त्यानंतर मी तो विषय रोज काढू लागलो, औषधाच्या वेळेला. तू रोज उत्तर दिलेस. शेवटच्या आठवड्यात हात वर येईना. तेव्हा मी विषय काढणे बंद केले.

आता जे सांगायचे ते सांगतो.

तेरावा झाला, पाहुणे गेले. मारुती ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसला. बराच वेळ गुडघा चोळत होता.

“आबा, आईला आता सोडा.”

“कोणी धरले आहे?”

“तुमी. त्या पान्यापायी.” मग खाली बघून म्हणाला, “आई रस्त्यावर आलीच न्हवती. बाभळीखाली हुबी व्हती, कडंला, तुमी सांगितलंतं तशी. हाक बी मारली न्हाई. मीच रस्ता सोडून तिच्याकडं गेलो. म्हनलं, आई, घाल पानी. ती मला ढकलाय लागली. जा म्हनाली, येळ जाईल, तुजा बा वराडंल. मीच हाललो न्हाई. मग तिनं घातलं. मग त्या बाकीच्या आल्या.”

मी विचारले, “वेळ जाईल हे तुला कळत नव्हते?”

“कळत व्हतं.”

“मग?”

“वीस मैल तुमी सांगितलं तसं पळालो, आबा. येक पाऊल माज्या मनाचं न्हवतं. तीन तासात गेलो तर छावनी, न्हाई गेलो तर ब्रह्मदेश. दोन्हीकडं आई न्हवती. ती तितं हुबी व्हती.”

मी त्या वेळी साखळी चढवत होतो. वळण घेईपर्यंत कोंडाळे झाले होते. कोण कोणाकडे गेले ते मी पाहिलेले नाही. त्यामुळे त्याचे खरे की खोटे, हे ठरवायला माझ्याकडे काही नाही. खरे असेल. किंवा म्हातारा या एकाच गोष्टीत अडकून बसला आहे, त्याला मोकळे करावे, म्हणून त्याने रचलेही असेल. तो तुझा मुलगा आहे. दोन्ही शक्य आहे.

खोटे असेल तर आपला वाद होता तेथेच आहे.

खरे असेल तर इतकी वर्षे तू एका वाक्यात मला गप्प करू शकत होतीस. कडेला उभी राहा म्हणून सांगितले होते, असे मी म्हणे तेव्हा ‘हुबी व्हते की’ एवढेच म्हणायचे होते. तू तांदूळ निवडत बसलीस. मी त्या दोन मिनिटांसाठी त्याला काय काय बोललो असतो, हे तुला ठाऊक होते. ब्रह्मदेशातून आलेल्या, लंगडणाऱ्या मुलाला मी ते बोललो असतो. म्हणून माझा सगळा राग तू आपल्याकडे वळवून घेतलास, आणि तो इकडेतिकडे जाऊ लागला की ‘पाय गार झालं’ म्हणून पुन्हा आपल्याकडे ओढलास. वाचा गेल्यावरही तेच केलेस.

हे तू बरोबर केले नाहीस. मला सांगायला हवे होतेस. मी बोललो असतो, चार दिवस घरात कोणी जेवले नसते, मग संपले असते. कदाचित संपले नसते. पण तुझ्याशी तरी मी नीट वागलो असतो.

मारुतीला मी काही बोललो नाही. तो दोन दिवस माझ्या वाटेला आला नाही. चहा ठेवायचा आणि जायचा. काल संध्याकाळी त्याने गुरांना वैरण टाकली, हात धुतले आणि दारात उभा राहिला.

“आबा, रागावलासा?”

“हो,” मी म्हणालो.

कोणावर, ते त्याने विचारले नाही. विचारले असते तर मी तुझेच नाव सांगितले असते. त्याने ते ऐकले असते, मान हलवली असती आणि नेहमीसारखा जेवायला बसला असता.